दोनशे पुस्तकं आणि दोन सेल

आमच्या वाचनालयात 'येथे बोलू नये' असा फलक पहिल्यापासून आहे. आणि माझा अनुभव असा, की जिथे बोलायला बंदी असते तिथेच सांगण्यासारखं जास्त घडतं! मी तिथे ग्रंथपाल म्हणून एकवीस वर्षं काढली. पुस्तकं दाखल करायला रजिस्टर होतं, किस्से आपोआप दाखल होत गेले. त्यातही नझीरभाईंचं यंत्र आल्यानंतरची दोन-चार वर्षं तर विचारूच नका. आजही जुनी मंडळी भेटली की कुणीतरी म्हणतंच, "शैला, तो आंब्याच्या पेटीचा सांग गो." आणि एकावर कधी भागत नाही.

आधी मंडळी कोण ते सांगते. रत्नागिरीतल्या एका आळीत दोन खोल्यांचं आमचं वाचनालय. दुपारी चारला उघडायचं, रात्री आठला बंद. बापू लिमये अध्यक्ष. कोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्त झाले तरी नियमाबाहेर शिंकसुद्धा येऊ द्यायचे नाहीत. अप्पा साळवींची पावसच्या बाजूला आंब्याची बाग, आणि रहस्यकथा म्हणजे जीव की प्राण. मंगलकाकू मालगुंडच्या शाळेत मास्तरीण होत्या, नंतर इथे लेकीजवळ येऊन राहिलेल्या. बाळू आमचा शिपाई, वय पंचावन्न, पण सगळ्यांना बाळूच. आणि राजिवड्याचे नझीरभाई मुकादम, जहाजावर इंजिनियर. वर्षाचे आठ महिने समुद्रावर, चार महिने आमच्या बाकावर.

*

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. नझीरभाई सुट्टीवर आले, बाकावर बसले आणि शर्टाच्या खिशातून तळहाताएवढी काळी वस्तू काढून टेबलावर ठेवली.

"बापू, ह्यात दोनशे पुस्तकं आहेत."

बापूंनी वस्तू उचलली. उलटी करून पाहिली. कानाशी धरून हलवली.

"कुठे?"

नझीरभाईंनी बटण दाबलं. हिरवट काचेवर बारीक काळी इंग्रजी अक्षरं उमटली. "जहाजावर पुस्तकं नेणार किती, बापू? आणि दर्या खवळला की फळीवरची पुस्तकं माझ्या डोक्यावर! म्हणून हे घेतलं. जुनी इंग्रजी पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात, ती ह्यात भरायची. हे खालचं बटण दाबलं की पान उलटतं."

बापूंनी चष्मा सारखा केला, पहिलं पान नीट वाचून काढलं. आम्ही सगळे श्वास रोखून बघतोय. पान संपलं. बापूंनी उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं, चांगलं ओलं केलं आणि बटण दाबलं!

"बापू! ह्याला पाणी चालत नाय!" नझीरभाई ओरडलेच.

बापू शांतपणे म्हणाले, "साठ वर्षं पानं अशीच उलटलीत. ह्याला सवय करून घ्यावी लागेल."

*

जाताना नझीरभाईंनी ते यंत्र वाचनालयाला देऊनच टाकलं. स्वतःसाठी त्यांनी दुसरं घेतलं होतं. आता बापूंसमोर प्रश्न उभा राहिला. भेट आली म्हणजे दाखल करायला हवी. पण दाखल काय करायचं, एक वस्तू की दोनशे पुस्तकं? दोन बैठका झाल्या. शेवटी ठरलं, यंत्राला एक दाखल क्रमांक द्यायचा आणि आत काय आहे त्याची यादी मागच्या पानावर जोडायची.

"आणि शिक्का राहू नये," बापूंनी बजावलं. "नियम म्हणजे नियम. पहिल्या पानावर एक."

मला वाटलं मागे चिकटवायच्या कागदावर मारायचा असेल. मी आत कपाटापाशी होते. बाहेर धप्प असा आवाज आला. येऊन बघते तर बाळूने शाईच्या पॅडवर शिक्का दाबून सरळ काचेवर हाणलेला! जांभळा, गोल, ठसठशीत. खाली इंग्रजी पहिलं पान, वर आमच्या वाचनालयाचं नाव.

काच फुटली नव्हती हीच देवाची कृपा. स्पिरिट आणि कापसाने पुसायला घेतलं तर बाळू हिरमुसला.

"पुसताय कशाला, ताई? एवढ्या दोनशे पुस्तकांत तेवढीच एक ओळ मराठीत होती!"

*

यंत्र एक आणि वाचणारे अनेक, त्यामुळे पाळ्या लागल्या. सोमवार ते बुधवार अप्पा, गुरुवार ते शनिवार बापू. दोघांनीही योगायोगाने एकच इंग्रजी रहस्यकथा धरली. आता त्या यंत्राची एक खोड होती. शेवटचं पान जे उघडं असेल तेवढंच ते लक्षात ठेवायचं. कुणाचं पान, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

अप्पांचं इंग्रजी डिक्शनरीच्या आधाराने चालायचं. बापू कोर्टातले, सरसर वाचायचे. अप्पा सोमवारी यंत्र उघडायचे आणि बापूंनी जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करायचे. मधली साठ-सत्तर पानं गेली कुठे, ह्याची त्यांना गंधवार्ता नाही. त्यांना वाटलं, साहेबांची लिहायची पद्धतच अशी असेल, तुटक तुटक.

बापूंना दर गुरुवारी वाटायचं, मधल्या चार-पाच पानांना आपल्याला डुलकी लागली असावी.

तीन आठवड्यांनी अप्पा यंत्र परत करायला आले तेव्हा चेहरा गंभीर.

"काय अप्पा, कशी होती?"

"उत्तम. खुनी कोण ते शेवटी कळलं." जरा थांबून म्हणाले, "पण शैला, खून कुणाचा झाला ते तेवढं बापूंना विचारून ठेव."

*

आता पेटीचा.

एप्रिल संपत आलेला, बागेत आंबा भरायची घाई. अप्पा गड्यांवर नजर ठेवायला स्टुलावर बसायचे आणि एक डोळा आंब्यावर, एक यंत्रावर. एका दुपारी माणूस हिशेब विचारायला आला म्हणून यंत्र खाली ठेवलं. खाली म्हणजे कुठे, तर उघड्या पेटीतल्या पेंढ्यावर. अप्पा परत येईपर्यंत त्या पेटीवर पेंढ्याचा दुसरा थर, वर फळी, चार खिळे आणि पेटी ट्रकमध्ये.

संध्याकाळी अप्पा वाचनालयात आले ते घामाने निथळत.

"बापू, पुस्तकं गेली."

"किती?"

"सगळी."

बापू खुर्चीतून उठलेच. "दोनशे पुस्तकं एका वेळी हरवायला वाचनालयाला आग लागावी लागते, अप्पा!"

ट्रक गेला होता पुण्याला. शंभरेक पेट्या, चार वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडे. अप्पांनी फोनवर फोन केले. व्यापारी म्हणायचे, "शेठ, पेट्या फोडून बघू का विकू?" नझीरभाई तिकडे समुद्रावर, त्यांना काय तोंड दाखवायचं म्हणून अप्पांना दोन दिवस जेवण गेलं नाही. कोकणी माणसाला ऐन एप्रिलात जेवण जात नाही म्हणजे काय ते समजा.

तिसऱ्या दिवशी वाचनालयातला फोन वाजला. यंत्राच्या पाठीवर मी आमचं नाव आणि नंबर लिहून चिकटवला होता, तो कामी आला.

"हॅलो, पुण्याहून बोलतोय. रत्नागिरीची पेटी फोडली. बाकी माल एक नंबर. पण एक आंबा काळा निघालाय."

"काळा?"

"काळा आणि चौकोनी. बोटाने दाबून बघितला, पिकलाय का म्हणून. तर इंग्रजी बोलायला लागला!"

*

यंत्र आठवड्याने एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर परत आलं. पण पुण्याच्या त्या दुकानात ज्याने त्याने दाबून बघितलेलं, त्यामुळे आतले सेल संपून गेलेले. हे यंत्र असं होतं की त्याला बारीक पेन्सिल सेल दोन लागायचे, आणि ते पार संपले की आतलं सगळं पुसलं जायचं. नवे सेल घातले. कोरी काच. एकही पुस्तक नाही.

अप्पा भिंतीला टेकून बसले. बापूंनी रजिस्टर काढलं, लाल पेन काढलं. दोनशे नोंदींपुढे 'गहाळ' लिहायला सुरुवात करणार, तेवढ्यात नझीरभाईंची लेक रुखसाना आली. ती मारुती मंदिराजवळ एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. तिला सगळी हकिगत सांगितली.

"एवढंच ना, बापूकाका? अब्बांची सगळी पुस्तकं घरच्या कॉम्प्युटरवर आहेत. उद्या परत भरून आणते."

बापूंचं पेन हातातच राहिलं. "म्हणजे इथलं पुस्तक हरवलं तरी तिथे असतंच?"

"हो ना."

"आणि इथे परत आलं तरी तिथलं जात नाही?"

"नाही जात."

चाळीस वर्षं सभासदांच्या मागे लागून पुस्तकं परत आणलेला माणूस! बापू लाल पेनाला टोपण लावत म्हणाले, "शैला, हे असंच चाललं तर मी कुणावर रागवायचं?"

*

वार्षिक तपासणीला सरकारी ग्रंथालय खात्याचे एक साहेब यायचे. पुस्तकांची संख्या वाढली की वाचनालयाचा वर्ग वाढतो, अनुदानही वाढतं, आणि आमचा वर्ग थोडक्या पुस्तकांसाठी अडलेला. बापूंनी ठरवलं, ह्या वेळी यंत्रातली दोनशे मोजून दाखवायची.

साहेब कडक. "मला पुस्तक हातात लागतं. हातात लागत नाही ते मी मोजत नाही."

"हातात घ्या ना," म्हणून बापूंनी यंत्रच त्यांच्या हातात दिलं.

साहेबांनी यादी बघितली. एक नाव उघडलं, खरंच आत पुस्तक आहे का म्हणून. दोन पानं वाचली. तिसरं वाचलं. खुर्ची खिडकीजवळ ओढली. बाळूने चहा आणला, तो गार झाला. दुसरा आणला, तोही गार झाला. साडेसहाला मी म्हटलं, "साहेब, बाकीची रजिस्टरं बघायची राहिलीत."

"थांबा हो बाई, विहिरीत कोण पडलंय ते कळू दे!"

आठ वाजता बाळूने खिडक्या लावल्या तेव्हा ते उठले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'यंत्रातील ग्रंथ पाहिले. मोजणी अपूर्ण.' आणि पुढच्या शनिवारी, काहीही काम नसताना, स्वतःच्या स्कूटरवरून हजर!

वर्ग आमचा वाढला नाही. सभासद एक वाढला.

*

मंगलकाकूंचं मात्र ह्यात काहीच नव्हतं. एके काळी रोज एक पुस्तक संपवणारी बाई. मोतीबिंदू काढला तरी डोळ्याच्या मागचं काहीतरी बिघडलं होतं, बारीक अक्षर लागेना. भिंग धरलं तर हात थरथरायचा. मी मोठ्या कागदावर जाड पेनाने लिहून दिलं, तर ते पोस्टर उलटता उलटता खांदे भरून यायचे. तरी रोज येऊन बसायच्या. पुस्तक मांडीवर बंद ठेवून नुसत्या.

यंत्रात अक्षर वाटेल तेवढं मोठं करता यायचं, हे रुखसानानेच त्यांना दाखवलं. पण मराठी? एक पान मराठीचं घालून बघितलं तर काचेवर नुसत्या चौकटी चौकटी उमटल्या.

काकूंनी काच डोळ्यांशी धरली. "पाटी छान आहे गो. पण ह्यावर अजून कुणी लिहिलेलं नाही."

ते 'नुसत्या' बसणं रुखसानाला बघवेना. तिने मग युक्ती काढली. आमच्या वाचनालयाचा दरवर्षी हस्तलिखित दिवाळी अंक निघतो, सभासदांनीच लिहिलेला. तो तिने घरच्या कॉम्प्युटरवर मराठीत टाइप केला आणि ठळक टपोऱ्या अक्षरांतल्या तीन-तीन ओळींचे फोटो करून यंत्रात घातले. एका पानाचे पंधरा फोटो! पोरीने क्लास सांभाळून दोन महिने हे केलं.

पहिला लेख बापूंचा होता, 'न्यायालयातील आठवणी'. काकू खिडकीच्या उजेडात बसल्या. बटण दाबायचं, वाचायचं, बटण दाबायचं. ओठ हलत होते. आम्ही सगळे कामात असल्यासारखं दाखवून त्यांच्याकडेच बघत होतो. बापू तर पेपर उलटा धरून बसले होते. तासाभराने काकूंनी यंत्र खाली ठेवलं. डोळे पुसले. बापूंना पण भरून आलं.

"मंगलाबाई, एवढा आवडला लेख?"

"अकरा चुका आहेत," काकू म्हणाल्या. "'न्यायाधीश' मधला 'धी' तुम्ही सगळीकडे ऱ्हस्व काढलाय."

"अहो, पण..."

"दिसायला लागलं म्हणजे चुकाही दिसणारच, बापू!"

रुखसानाने तोच अंक वडिलांना जहाजावर पाठवला होता, चुकांसकट. त्यांचं उत्तर तिने छापून आणलं आणि बापूंनी ते फलकावर लावलं. नझीरभाईंनी लिहिलं होतं, 'सात महिन्यांनी मराठी वाचलं. बापूंच्या चुका वाचून घरी आल्यासारखं वाटलं.'

*

पुढच्या वर्षी मंगलकाकू अंगणात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. एका खाजगी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात महिनाभर खाटेवर. आम्ही यंत्र त्यांच्या उशाशी ठेवून आलो. आत त्या वर्षीच्या अंकातली माझी दीर्घकथा होती. मी लिहिलेली पहिली आणि शेवटची. किनाऱ्यावरच्या एका मुलीचं लग्न ठरतं, मुलगा बोटीवर जातो आणि त्याचा पत्ताच लागत नाही, अशी.

शेजारच्या खाटेवर मिरकरवाड्याची द्रौपदीबाय होती. नवऱ्याची मासेमारीची बोट, आणि ही स्वतः बाजारात मासळी विकायची. पोटाचं ऑपरेशन झालेलं. अक्षरओळख नाही. काकू ओठ हलवत वाचतात हे बघून पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाय, जरा मोठ्यानं वाच की. मना पन कळूंदे."

काकूंना एवढंच हवं होतं. सगळी नोकरी मोठ्याने वाचण्यात गेलेली! रोज दुपारी चार वाजता वाचन सुरू. दोन दिवसांत सगळा वॉर्ड ऐकायला लागला. नर्स इंजेक्शनची वेळ मागेपुढे करायच्या.

द्रौपदीबायला घरी सोडायचा दिवस आला तर ती खाट सोडेना. डॉक्टर म्हणाले, "आता काय दुखतंय?"

"मना काय दुखत नाय. त्या पोरीचं लगीन अडलंय!"

तिला दोन दिवस जास्त ठेवलं. लेक न्यायला आली ती माघारी गेली.

मी त्याच सुमारास आंजर्ल्याला माहेरी गेले होते. आठवडाभराने आले ते सरळ दवाखान्यात. चार वाजून गेलेले. दारातूनच काकूंचा आवाज ऐकू आला. यंत्र दोन्ही हातांत धरून त्या वाचत होत्या, मध्ये मध्ये बटण दाबत होत्या. वॉर्ड चिडीचूप. मी खाटेमागे जाऊन उभी राहिले.

काच कोरी होती.

सेल संपलेले. मी माहेरी जायच्या घाईत नवे द्यायला विसरले होते. आणि काकू वाचत होत्या! माझ्या कथेतली मुलगी शेवटी एकटीच किनाऱ्यावर उभी राहते. काकूंच्या कथेत मुलगा सापडला होता, वादळात दुसऱ्या बंदरात अडकलेला. मुलीने बापाची बोट काढून स्वतः त्याला आणायला निघायचं ठरवलं होतं, गावातले तिला अडवत होते आणि ती कुणाचं ऐकत नव्हती. मी काय लिहिलं होतं त्याच्या दसपट चांगलं होतं ते!

काकूंनी मान वळवली, मला बघितलं. मग बटण दाबलं आणि पुढे वाचायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. वॉर्डात कुणीतरी खडीसाखर वाटली. द्रौपदीबायने काकूंच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, लुगडं सावरलं आणि लेकीच्या हाताला धरून निघाली. तिचं गाठोडं घेऊन मी दारापर्यंत गेले. रिक्षात बसता बसता तिने मला जवळ बोलावलं.

"ताय, म्हातारीला सेल आनून दे."

मी चपापले. "तुम्हाला... माहीत होतं?"

"आमच्या बोटीवर मासे दावनारा डबा हाय. सेल गेले की तो पन असाच कोरा पडतो." तिने पदर तोंडाला लावला. "बोलनार होते मी. पन म्हटलं, पोरगी बोट घेऊन भर दर्यात हाय. तिला मदीच कशी सोडू?"